फणीला न कळलेली गोष्ट

"दात दाट पाड गं, लीखसुद्धा निसटता कामा नये!" म्हाताऱ्या कारागिराने सुनेला बजावलेले हे शब्द मला अजून आठवतात. मित्रांनो, मी त्या सुनेच्या हातची एक जुनी लाकडी फणी आहे.

बबडीच्या आईने मला घरी आणले. एरवी मी कोनाड्यात धूळ खात पडून असे. पण सुट्टीच्या दिवशी माझा तोरा काय सांगू! बबडी आणि तिची पुलापलीकडची मैत्रीण भिंगरी पायरीवर बसत आणि आई दोघींची डोकी विंचरी. भिंगरीच्या दाट केसांत मला कधी एक लीख सापडली नाही. "शाळेच्या शर्यतीच्या दिवशी तुझी वेणी मीच घालणार हं," असा शब्द बबडीने तिला दिला होता.

मग मावशी लेकीला घेऊन महिनाभर राहायला आली. दोघी मुली एकाच उशीवर झोपत. थोड्याच दिवसांत बबडी डोके खाजवू लागली.

"ही पुलापलीकडची देणगी!" मावशी म्हणाली. "ती माणसंच तसली. आणखी बस गळ्यात गळे घालून!"

आई भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बबडी शाळेतून फुशारकीने सांगत आली, "मी बाक बदलला. भिंगरीला म्हटलं, तुम्हा लोकांच्या डोक्यात उवाच असतात."

मी चक्रावले. भिंगरी तर एकटी. हे 'लोक' कुठून आले? आणि डोके न बघता उवा दिसल्या कशा? मला बाई केसांत शिरल्याशिवाय काही कळत नाही.

चार दिवसांत मी बबडीचे डोके निर्मळ केले. मग आईने कागद पसरून मावशीच्या लेकीला पुढ्यात बसवले. टपटप सात उवा पडल्या.

"अगंबाई! प्रवासात लागल्या असतील," मावशी पुटपुटली.

बबडी कागदाकडे बघतच राहिली. "आई, भिंगरीचं डोकं साफ होतं. तुला ठाऊक होतं ना? मग तू गप्प का बसलीस?"

आईने उवांसकट कागद चुरगळला. ती तेव्हा का गप्प बसली, हे मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, वापरून झाल्यावर मला गरम पाण्याने धुवा, एवढेच माझे मागणे असे. आता आणखी एक आहे: आधी विंचरा, मग बोला.

आज शर्यत आहे. भिंगरी दार उघडेल की नाही, देव जाणे. बबडीने मला धुतले, पुसले, रुमालात गुंडाळले आणि कुणाला न सांगता ती पुलाकडे चालू लागली.