हाकेचा मान

“ताई, आज तुम्हीच बोलवा त्याला. माझ्याच्यानं नाही व्हायचं,” धाकटी जाऊ म्हणाली आणि भोपळ्याच्या फोडींचं घमेलं तिनं थोरलीपुढे धरलं.

थोरलीनं ते हिसकावल्यासारखंच घेतलं. नदीकाठच्या या लोखंडी कोंडवाड्यात पाणघोड्यांना हाक मारून आणायचं काम आधी तिचं एकटीचं होतं. कुणा धनवंतानं हौसेनं परदेशातून एक जोडी आणली. तो गेला, जोडीचा कळप झाला, कळपानं नदी बळकावली आणि होड्या उलटू लागल्या. रोज एकाच आवाजात बोलवायचं, खाऊ घालायचं, सवय लागली की एक दिवस जनावर आत येताच मागून दार पाडायचं, अशी वनखात्याची रीत. थोरलीनंच शब्द टाकून धाकटीला इथं चिकटवलं. आणि महिन्याभरात कळपातला सगळ्यांत दांडगा नर, थोरलीचा लाडका गुंड्या, धाकटीच्या हाकेला धावू लागला. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. घरी सासूला धाकटीच्याच हातचा चहा लागायचा, तेही तिनं गिळलं होतं. पण पाणघोड्यानंसुद्धा हिचीच बाजू घ्यावी?

गेल्या आठवड्यात गुंड्यानं एका मासेमाऱ्याला चिरडलं. आज दार पडलं की जनावरांचे डॉक्टर त्याला कायमचं झोपवणार होते. दोघींनाही ते ठाऊक होतं. तरी घमेलं हातात आलं तेव्हा थोरलीला आधी आनंद झाला, मग लाज वाटली. पण आनंद काही गेला नाही.

“ये रे गुंड्या! ये माझ्या राजा!”

पाण्यावर दोन कान आले आणि तिथंच थांबले. तिनं पुन्हा हाक मारली, फोडी आपटल्या, घसा बसेपर्यंत ओरडली. गुंड्या ढिम्म.

“अंधाराच्या आत उरकायला हवं,” डॉक्टर धाकटीकडे वळून म्हणाले. “तुम्ही बघा बरं जरा.”

धाकटीला रडू फुटलं होतं. तिनं कशीबशी अर्धीच हाक मारली. गुंड्या पाणी उडवत सरळ आत आला आणि दार पडलं.

मरायचं होतं तरी हिच्याच हाकेला आला, थोरलीच्या मनात आलं. तिला त्याचा राग आला, हिचाही आला, आणि डोळे मात्र भरून आले. सगळे धाकटीभोवती जमले. कुणी तिला पाणी दिलं, कुणी खुर्ची. थोरलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या सासूनं विचारलं, “सापडला का गं एकदाचा? कुणी बोलावला?”

धाकटी चप्पल काढता काढता थिजली.

“मी,” थोरली म्हणाली. “माझ्याच हाकेला आला.”

सासू तिच्याकडे बघतच राहिली.

“बाई बाई! रोज राजा राजा करायचीस त्याला. जीव कसा धजावला गं तुझा?”

धाकटी आत जाईपर्यंत थोरली सासूसमोर तशीच उभी राहिली.