आईच्या हातचा आकडा

गावातलं कुठलंही टेंडर असो, ते भरलं जायचं आमच्या मामाच्या जेवणाच्या टेबलावर. तीन पाकिटं आल्याशिवाय नगरपालिका टेंडर उघडत नाही, म्हणून पाकिटं तीन. एक मामाचं, एक त्याच्या व्याह्याचं आणि एक माझ्या धाकट्या भावाचं. तिन्ही आकडे मामाच ठरवायचा. स्वतःचा कमी, बाकीचे दोन फुगवलेले. सगळ्या गावाला ठाऊक होतं, नगरपालिकेच्या साहेबांनाही. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

आणि आकडे लिहायची आमची आई. मामा म्हणायचा, "माझ्या बहिणीला हातगुण आहे. तिच्या हातचा आकडा कधी पडत नाही." वडील गेल्यावर त्याने आम्हाला पोसलं हे खरं. ते तो रोज ऐकवायचा, हेही तितकंच खरं. आई मान खाली घालून लिहायची आणि मी बाजूला दातओठ खात उभी राहायचे. धाकटा बिचारा कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळा व्हायचा. स्थापत्यचा डिप्लोमा केलेला पोरगा, नावावर कंपनी आणि आयुष्यात स्वतःचा एक खड्डा खणलेला नाही! माझ्या सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात तो पाइप मोजत बसायचा.

मग नाल्याचं टेंडर निघालं. गावातून वाहणारा ओढा बांधून काढायचा होता. नगरपालिकेच्या आराखड्यात तो नाला मामाच्या जमिनीच्या मधोमध जात होता आणि मामाला त्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे होते. काम त्याच्याकडे आलं असतं तर त्याने नाला खुशाल मागच्या वस्तीकडे वळवला असता, आणि दर पावसात तिथल्या लोकांच्या चुलीत पाणी शिरलं असतं. विचारणार कोण? मोजणारा इंजिनिअर मामाचा, बिलं काढणारा कारकून मामाचा.

पण त्या दिवशी आकडे सांगताना मामाला फोन आला. पलीकडच्या माणसाला आईबहिणीवरून शिव्या घालता घालता त्याने आईला कमी आकडा सांगितला, आणि आईने जो फॉर्म वर होता त्यावर लिहिला. वर होता धाकट्याचा. मग मोठा आकडा मामाच्या फॉर्मवर गेला. पाकिटं बंद झाली, पेटीत पडली.

टेंडर उघडलं तेव्हा मी सभागृहातच होते. कारकुनाने तिसरा आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. सगळ्यात कमी दर धाकट्याचा. कोणीतरी फिस्कन हसलं. मामा उठला, शांतपणे टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने धाकट्याच्या अशी थोबाडीत मारली की त्याचा चष्मा साहेबांच्या पायाशी जाऊन पडला. साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. जणू बाहेर वरात चालली होती!

"मागे घेतो म्हणून लिहून दे," मामा म्हणाला.

धाकट्याने खाली बसून चष्मा उचलला. ओठातून रक्त गळत होतं. "मागे घेतलं तर मला काळ्या यादीत टाकतील, मामा. मग जन्मभर मला काम नाही."

"तुला काम होतं कधी?"

हे ऐकून तो गप्प राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तो म्हणाला, "आता आहे. नाला मीच बांधणार. आराखड्यात आहे तसा." मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. अभिमानाने म्हणा, भीतीने म्हणा. दोन्ही होतं.

करारावर सही करायला आठवड्याची मुदत होती. सही झाली नाही, तर काम दुसऱ्या नंबरला जाणार होतं. दुसरा नंबर मामाचा.

ते भर दुपारी आले. कारखान्यात कामगार जेवायला बसले होते. मामाची चार माणसं, त्याच्या ट्रकवर असतात ती. आमच्या माणसांनी डबे सोडून पळ काढला, त्यांना तरी काय बोलणार? दोघांनी धाकट्याला जमिनीवर पाडून त्याच्या छातीवर गुडघे रोवले. तिसऱ्याने त्याचा उजवा हात ओढून पाइपाच्या कडेवर धरला आणि चौथ्याने घण उचलला. मी फावडं घेऊन धावले. घणवाल्याच्या तोंडावर फावड्याचं पातं बसलं, त्याचे पुढचे दात माझ्या पायाशी पडले. पण घण तोवर खाली आला होता. तो आवाज मी अजून ऐकते. धाकटा ओरडलासुद्धा नाही. नुसता हाताकडे बघत राहिला, कारण बोटं होती तिथे आता बोटं म्हणावीत असं काही उरलं नव्हतं.

"सही कर आता," दात पडलेला माणूस रक्त थुंकत म्हणाला आणि हसला. मी पुन्हा फावडं उगारलं तेव्हा ते गेले.

पोलिसांनी लिहून घेतलं, पाइप पडून अपघात. मी हवालदाराला म्हटलं, "पाइपाला चार माणसांची तोंडं असतात का हो?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही एकाचे दात पाडलेत, ते लिहू का?" मेला!

दवाखान्यात आई आली. पोराच्या प्लास्टरवर हात ठेवून रडली, रडली आणि मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "चूक माझी आहे रे. मी भलत्या कागदावर लिहिलं. तू सोडून दे. दादाने आपल्याला वाढवलं."

"वाढवलं म्हणून तोडायचा हक्क मिळतो का?" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "तुझ्या पोराचा हात मोडला, आई! तुझ्या दादाने!"

"मला कळतं," आई म्हणाली. "पुढच्या वेळी तो हातावर थांबणार नाही, तेही कळतं. माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला."

धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "ताई, डाव्या हाताने सही चालते का, विचारून ये."

चालत होती. साहेबांनी खाली मान घालून सांगितलं, चालते, पण माणूस समोर हवा आणि साक्षीदार हवेत. साक्षीदार मागच्या वस्तीतले दोघे तयार झाले. घरं त्यांचीच बुडणार होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी धाकट्याला रिक्षातून नगरपालिकेत आणलं. सोबत पहार घेतली होती, लपवली नाही. साहेबांचं ऑफिस वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. धाकटा आणि साक्षीदार वर गेले, मी जिन्यात मध्येच उभी राहिले. कारकुनांनी दारं लावून घेतली.

मामा आला. माणसं खाली ठेवून एकटाच पायऱ्या चढला. त्याच्यामागून धापा टाकत आई. त्याने आणली की ती मागे धावत आली, मला आजही माहीत नाही.

"बाजूला हो," मामा म्हणाला.

"एक पायरी चढलास तर पाय मोडीन."

"तुला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय मी."

"सोडलंस. आणि माझ्या भावाची बोटं पाइपावर सोडलीस."

तो हसला आणि त्याने पुढच्या पायरीवर पाय ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते प्लास्टर होतं. मी पहार दोन्ही हातांनी उचलली आणि जीव खाऊन त्याच्या डोक्यावर घातली. डोक्यावरच. पाय मोडीन म्हटलं ते तोंडाने, मला त्याला ठारच मारायचं होतं. खोटं कशाला बोलू?

पहार त्याला लागली नाही. मामाच्या बगलेतून पुढे घुसून आई मध्ये आली होती. तिने उजवा हात वर केला आणि पहार त्या हातावर बसली. हाड चामडीतून बाहेर आलं. ती मामाच्या अंगावर कोसळली, आणि दोघं एकमेकांत अडकून जिन्यावरून गडगडत खाली गेली. मामाचं डोकं शेवटच्या पायरीवर आपटलं. माणसं दाराशी थिजून उभी राहिली, एकही पुढे आला नाही.

मी खाली धावले. "आई! आई गं!"

आई एका कुशीवर पडली होती. तुटलेला हात अंगाखाली, तोंड पांढरंफटक. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सरपटत ती मामाजवळ गेली, चांगल्या हाताने तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "दादा, लागलं का रे तुला? कुठे लागलं? बोल ना."

मामा डोळे मिटून कण्हत होता. जिवंत होता. मला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. मी नुसती आईकडे बघत बसले, माझ्याकडे एकदा तरी बघेल म्हणून.

वर दार उघडलं. धाकटा बाहेर आला. शाई लागलेला डावा हात वर करून ओरडला, "ताई, झाली सही! नाला आपला!" कित्येक वर्षांत त्याच्या तोंडावर असं हसू मी पाहिलं नव्हतं. मग त्याने खाली पाहिलं.

"हसतोस काय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ये खाली. आईला उचल."

तो धडपडत उतरला आणि आईपाशी गुडघ्यावर बसला. आईने त्याला ढकललं.

"मला हात लावू नका तुम्ही दोघं," ती म्हणाली. "आधी माझ्या भावाला उचला."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग प्लास्टरमधला हात बाजूला धरून, एकाच हाताने, तो मामाला उचलायला लागला.