लालाशेजारचा राखाडी

"काकू, हा राखाडी झाला. आपल्याला हिरवा पाहिजे," सर कॉम्प्युटरवरच्या रंगाच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले.

"एकटा बघाल तर राखाडीच आहे, सर. लाल रंगाशेजारी बसवला की हिरवा दिसतो."

फोटो दुरुस्तीच्या परीक्षेला एक जुना फोटो दिला होता. लाल भिंतीला खेटून उभी असलेली हिरव्या कोटातली बाई आणि कोटाच्या खांद्यावर पडलेला डाग. तो बुजवायचा. वर्गात शिकवलं होतं ते सोपं होतं: बाहीवरचा रंग उचला, त्या रंगाचा आकडा जुळवा, डागावर भरा. काकूंनी आधी तेच केलं होतं. आकडा तंतोतंत जुळला आणि खांद्यावर ठसठशीत ठिगळ दिसायला लागलं. बाही उन्हात होती, खांदा सावलीत. मग तो रंग पुसून त्यांनी आपल्या डोळ्यांनी नवा कालवला.

तीस वर्षं काकूंनी रफू केलं होतं. रीळ हातात धरून रंग जुळवणारा फसतो, धागा कापडावर टाकूनच बघावा लागतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. पण हल्ली फाटलं की लोक फेकून देतात. दुकान बंद पडलं. जुने फोटो दुरुस्त करणारा स्टुडिओवाला म्हणाला, प्रमाणपत्र आणा आणि कामाला लागा. म्हणून चौपन्नाव्या वर्षी त्या पोरासोरांत बसून माउस धरायला शिकल्या होत्या.

"तपासणार कॉम्प्युटर आहे," सर आवाज खाली आणून म्हणाले. "त्याला बाहीचा आकडा लागतो. दहा मिनिटं आहेत, भरून टाका आणि मोकळ्या व्हा."

"म्हणजे ठिगळ लावू?"

"इतकं मनाला लावून घेऊ नका हो."

काकूंना राग आला. प्रमाणपत्र त्यांना हवं होतं, फार हवं होतं. पण आजवर त्यांनी कुणाच्या अंगावर ठिगळ चढवून पाठवलं नव्हतं.

"सर, जरा दारापाशी जाऊन लांबून सगळ्यांच्या कॉम्प्युटरचे पडदे बघा."

सर गेले. नऊ पडद्यांवर नऊ बायका उभ्या होत्या. आठ जणींच्या खांद्यावर ठिगळ होतं. काकूंच्या पडद्यावरचा कोट तेवढा धड होता. सर परत आले.

"कॉम्प्युटर काही दारापाशी येऊन बघणार नाही, काकू," ते म्हणाले. "शून्य देईल."

"देऊ दे."

रफू जमलं की ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे हे कुणी केलं असं काकूंना तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी फोटोच्या काळसर कोपऱ्यात भडक पिवळ्या रंगात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

शून्य आलं.

"याची एक प्रिंट द्या. स्टुडिओत हीच दाखवते," काकू म्हणाल्या.

सरांनी प्रिंट काढून दिली. काकूंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि जुन्या सवयीने बाईच्या खांद्यावरून अंगठा फिरवून पाहिला, सांधा कुठे लागतो का.