पार्किंगवरची टिकली

सासूबाईंनी लाल टिकली चिकटवली ती थेट नगरपरिषदेच्या पार्किंगवर, आणि माझं डोकंच फिरलं.

थांबा, नीट सांगते. सभागृहाच्या भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा लावला होता. नवी घरं कुठे बांधायची ते यंदा लोकांनीच ठरवायचं, आणि भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांना पहिला हक्क. प्रत्येकाला एक टिकली. ज्या जागेवर जास्त टिकल्या, तिथे घरं. जो तो म्हणत होता, तळं बुजवा आणि बांधा. मीही त्यातलीच. एका खोलीत आम्ही पाच जण, मोठी मुलगी अभ्यासाला जिन्यात बसते, वर घरमालकाने खोली रिकामी करा म्हणून धोशा लावलाय. तळ्यातले बगळे काय माझं भाडं भरणार आहेत?

सासूबाईंचा त्या तळ्यावर भारी जीव. रोज संध्याकाळी काठावरच्या बाकावर बसतात. त्यावरून आठवडाभर आमची जुंपली होती. "घर हवंच गं, पण तळं बुजवून नको," हे त्यांचं पालुपद. "मग काय हवेत बांधायचं?" हे माझं.

तळं नकाशात वरच्या कोपऱ्यात. सासूबाई उंचीने बेताच्या, म्हणून शेवटी तरी माझं ऐकतील या आशेने मी स्टूल ओढून दिलं. त्यांनी ते पायानेच बाजूला सारलं आणि खाली हाताशी आलेल्या पार्किंगवर टिकली दाबली.

"अहो आई, वाया घालवलीत ना! तिथे साहेबांच्या गाड्या उभ्या राहतात!"

"मग? गाड्यांना एवढं मोठं अंगण, आणि माझ्या नातीला जिना?"

हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. मागे उभा असलेला न्हावी खो खो हसला. "आजी, लाखमोलाचं बोललात!" म्हणत त्याने आपलीही टिकली तिथेच लावली. मग बेकरीवाल्याने. मग शिंपीणबाईंनी, त्यांच्या दोन्ही जावांनी. लोकांना चेवच चढला. काहींनी तर तळ्यावरच्या टिकल्या उपटून खाली आणल्या. नगरपरिषदेचा अभियंता "लावलेली काढू नका हो!" म्हणून ओरडत होता, पण त्याला विचारतो कोण? अध्यक्षबाई नुसत्याच चष्मा पुसत बसल्या.

माझ्याही अंगात वारं शिरलं. समोर बसस्टॉप, मागे शाळा, पाण्याची लाइन आहेच. एवढे दिवस डोळ्यांवर काय झापडं बांधली होती माझ्या! टिकली घेऊन मी धावलेच, आणि नकाशापाशी हात थबकला.

त्या पार्किंगवर आमचे हे कामाला आहेत. गेटवरच्या केबिनमध्ये बसतात, गाड्या लावून घेतात. त्याच पगारावर आमची चूल पेटते.

"आई," मी म्हटलं, "ह्यांच्या नोकरीचं काय?"

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! हे माझ्या ध्यानातच नाही आलं." त्या नखाने टिकली उकरायला लागल्या. मेली निघता निघेना. मला तर रडूच फुटलं.

तेवढ्यात मागून युनिफॉर्मच्या बाहीतला एक हात आला आणि त्याने सासूबाईंचा हात धरला. हे दारात उभं राहून सगळं बघत होते.

"राहू दे, आई."

"अरे, पण तुझं कसं होणार?"

ह्यांनी खिशातून आपली टिकली काढली. नकाशावर बोट फिरवत स्वतःची केबिन शोधली आणि बरोब्बर तिच्यावर टिकली दाबली.

"दिवसभर लोकांच्या गाड्यांना जागा करून देतो," ते म्हणाले. "एकदा आपल्या पोरीला देऊ दे. आणि एवढी घरं झाल्यावर वॉचमन लागेलच की!"

मी डोळे पुसले आणि माझी टिकली ह्यांच्या टिकलीला खेटून लावली. मग काय, सभागृहात नुसता कल्ला. अभियंत्याने टिकल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. शेवटी अध्यक्षबाई उठल्या. "घरं पार्किंगवर. तळ्याला हात लावायचा नाही. आणि उद्यापासून आम्ही बसने येणार, दुसरं काय!" सासूबाईंनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की बांगडी पिचली.

अध्यक्षबाईंची गाडी काढून द्यायला हे निघाले. मी खिडकीतून ओरडले, "अहो, ऑइल सांडू देऊ नका तिथे! आपलं स्वयंपाकघर येणार आहे!"