कचरा आपल्याकडं ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी सूटकेस आहे. माझा रंग मूळचा मोरपंखी. सध्याचा विचारू नका. मी स्वतःही तिकडे पाहायचं टाळते.

माझा जन्म शिरवळच्या एका कारखान्यात झाला. बाहेर पडताना माझ्या पोटावर एक रंगीत चिठ्ठी डकवलेली होती. बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं आणि वर अक्षरं, 'चला, जग पाहायला'. कोवळ्या वयात छापलेल्या मजकुरावर विश्वास बसतो. माझाही बसला.

पलूसच्या शालूबाईंच्या लग्नात मी रुखवतात मांडली गेले. जमलेल्या बायकांनी माझं कुलूप उघडून-लावून पाहिलं आणि 'बॅग लय भारी हाय' म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक. पुढच्याच आठवड्यात शालूबाईंचे यजमान लालासाहेब यांनी मला माळ्यावर चढवलं. वीस-बावीस वर्षं माझ्या पोटात दोन गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या होत्या. जग म्हणतात ते हेच असावं, अशी मी समजूत करून घेतली.

मग त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत गेला आणि त्याची नेमणूक बर्फातल्या एका चौकीवर झाली. शालूबाई फोनवर विचारायच्या, "तिथं कसं असतंय रं?"

"पांढरं," तो म्हणायचा.

"आन्?"

"आन् काय, आई. पांढरंच."

एवढ्यावर आईचं भागत नाही. आपलं लेकरू ज्यात उभं आहे तो बर्फ एकदा तरी हातात घ्यायचा, असं शालूबाईंच्या मनाने घेतलं. चौकीवर आयांना सोडत नाहीत. स्वित्झर्लंडला मात्र कुणालाही सोडतात. त्या साली ऊसही बरा गेला होता. लालासाहेबांनी मला माळ्यावरून खाली घेतलं.

मित्रांनो, जगातली निसर्गरम्य स्थळं मी बसच्या डिकीतून पाहिली, म्हणजे ऐकली. धबधबा आला की वरून 'आवं, बघा' असं ऐकू यायचं आणि पाठोपाठ 'भडंग कुणाकडं हाय?' असंही. हिमनदीच्या काठावर मंडळींनी शेंगदाण्याची चटणी सोडली. एका दरीवर सगळे घाईघाईने उतरले, दरीकडे पाठ करून फोटो काढून घेतले आणि परत चढले. इतक्या लांब येऊन पाठ दाखवायची ही प्रथा मला अजून उमगलेली नाही.

सहलीबरोबर शिवांजली नावाची गाईड होती, मूळची कराडची. तिने पहिल्याच दिवशी दम भरला. "इथं वाटेत काही टाकलंत तर दंड होईल. कचरा आपल्याकडं ठेवा." कचरापेटी दिसेपर्यंत, एवढंच तिला म्हणायचं होतं. लालासाहेबांनी मात्र तो हुकूम शिरसावंद्य मानला. त्यांनी आपले कपडे दुसऱ्या बॅगेत हलवले आणि मला कचऱ्याला वाहिलं.

हा लौकिक बसभर पसरला. 'लालासाहेब, एवढं घ्या की' म्हणत लोक येऊ लागले. केळ्यांची सालं आली, लोणच्याच्या फुटक्या पुड्या आल्या, नूडल्सचे अर्धे पेले आले. एका सूनबाईंच्या बाळाचे डायपर आले, आणि मित्रांनो, ते रिकामे नव्हते. लालासाहेब सगळं प्रसादासारखं दोन्ही हातांनी स्वीकारायचे. बाहेर आल्प्सची हवा होती म्हणे. माझ्या आत कोणती हवा होती ते मी लिहू शकत नाही. वाचणाऱ्या मुलांची जेवणं व्हायची असतील.

बर्फाच्या डोंगरावर मला नेलं नाही. पण त्या संध्याकाळी डोंगराचा एक तुकडा माझ्याकडे आला. शालूबाईंनी पाण्याची बाटली रिकामी करून तिच्यात बर्फ भरला होता. आतलं पांढरं दिसावं म्हणून वरचा कागद सोलून टाकला होता. हॉटेलवर येईपर्यंत त्याचं पाणी झालं होतं.

"घरी फ्रिजात बर्फ हाय की," लालासाहेब म्हणाले.

"त्यो आपला. ह्यो वीरूचा," शालूबाई म्हणाल्या. "देवापाशी ठेवायचाय. त्यो घरी येईस्तोवर."

कपड्यांच्या बॅगेत सांडली तर साड्या भिजतील, म्हणून त्यांनी बाटली माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवली. तेवढाच कप्पा स्वच्छ होता. मी त्यातल्या त्यात ताठ उभी राहू लागले.

मुंबईच्या विमानतळावर सामान हुंगणारा कुत्रा माझ्याजवळ आला. त्याने एकदा हुंगलं आणि आपल्या शिपायाकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच शरम वाटली.

न्यायला सिकंदर बागवान आले होते. ते द्राक्षांचे व्यापारी आणि लालासाहेबांचे बालमित्र. वाशीला माल उतरवून टेम्पो घेऊन तसेच आले होते. त्यांनी मला हौद्यात ठेवलं आणि हात झटकले.

"लालासाब, बॅगंत कोण मेलंय?"

"कचरा हाय. तिकडला नियमच हाय तसा."

"त्यो इमानानं आणलास?"

"मग चालत आणू व्हय?"

सिकंदरनी हौद्याची फळी लावली. मग म्हणाले, "आमच्यातली मानसं हजवरनं जमजमचं पानी आणत्यात. तू बी रिकाम्या हातानं न्हाई आलास, लय झालं."

खंबाटकीच्या घाटात लालासाहेबांनी टेम्पो थांबवायला लावला. शालूबाईंचा पुढे बसल्या जागी डोळा लागला होता. खाली दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, आणि कडेच्या करवंदीला फुलं आलेली. डिकीबाहेर राहून मी पाहिलेला हा पहिला देखावा. मी डोळे भरून पाहत होते, तोच लालासाहेबांनी मला कठड्यावर उघडून पालथी केली.

"आरं, हितं टाकतोयस?" सिकंदर म्हणाले.

"गाईडबाय काय म्हणली? कचरा आपल्याकडं ठेवा." लालासाहेबांनी दरीवरून हात फिरवला. "आलं की आपल्याकडं."

लालासाहेबांचं काम चोख. त्यांनी माझा पुढचा कप्पाही उघडून झटकला. मग मला हुंगून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि मलाही खाली सोडून दिलं.

पडण्याच्या आवाजाने शालूबाई जाग्या झाल्या. हौद्यात पाहिलं. "बॅग कुठाय? बाटली होती तिच्यात."

"कंची बाटली?" लालासाहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं.

शालूबाईंनी कठड्यावरून खाली पाहिलं. पदर खोचून, झुडपं धरत त्या खाली उतरल्या.

मित्रांनो, आपल्याकडची दरी तुम्ही वरून पाहिली असेल. ती खालून पाहावी. बाटल्यांवर बाटल्यांचे थर होते आणि पावसापाण्याने बहुतेकींचे कागद कधीच गळून गेले होते. शालूबाई एकेक उचलायच्या, झाकण उघडायच्या, हुंगायच्या. एकीत दारू निघाली. एकीत तंबाखूची पिंक. एकीत जे होतं ते टेम्पो-ट्रकवाल्यांना घाईत उतरायला फुरसत नसते म्हणून होतं. त्यांना ओकारी आली. त्यांनी तोंड पुसलं आणि पुढची उचलली.

"घे की कुठली बी," लालासाहेब वरून म्हणाले. "पानी ते पानीच."

शालूबाईंनी मान वर केली. "उद्या स्टेशनावर पोराला आणाय जाशीला. तवा बी कुठलं बी घेऊन येशीला?"

लालासाहेब खाली उतरले. नाकाला रुमाल न लावता उतरले, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

एकदा शालूबाईंच्या हातात तीच बाटली आली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. पाणी नितळ होतं. पण शेजारच्या बाटलीतलंही तितकंच नितळ होतं, आणि तशा आणखी किती पडल्या असतील कोण जाणे. दोन घोट पिऊन बाटली फेकणारे आपल्याकडे थोडे नाहीत. मला तोंड आहे, पण ते कुणीतरी उघडावं लागतं. त्यांनी दोन्ही बाटल्या कितीतरी वेळ पाहिल्या आणि दोन्ही जपून खाली ठेवल्या.

"वैनी, आता दिसायचं न्हाई," दिवस मावळताना सिकंदर म्हणाले.

"मी परत येणार हाय," शालूबाई म्हणाल्या.

ती बाटली माझ्या झाकणाला टेकून उभी आहे. परवा वरून वडापावचे कागद आले, काल कुणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा केक. अजून ती दिसते आहे. मित्रांनो, जगात कुठेही जा, काहीही पाहा. पण या वळणावर गाडीची काच खाली करण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की तुमची एक बाटली खाली आली, तर शालूबाईंना आणखी एक हुंगावी लागेल.