बटणवालीचं घर

सकाळपासून बाई सातव्यांदा सांगत होत्या, की या घरात कुणी नर्तकी राहिली नव्हती. पण ऐकतंय कोण!

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर बारा वर्षं खपून हे तीन मजली जुनं घर पूर्वीसारखं उभं केलं. कागदपत्रांत डोळे फोडले, तेव्हा कुठे कळलं की शंभर वर्षांपूर्वी इथे शिंपल्यांची बटणं करणारं कुटुंब राहायचं. बस्स, एवढंच. ना खून, ना खजिना. आता जिने चढवेनात म्हणून त्यांनी घर विकायला काढलं, आणि अवदसा आठवली म्हणून जाहिरातीचं काम भाच्याला दिलं.

भाचा घरांचा दलाल. बटणांवर घर खपत नसतं म्हणाला, आणि खुशाल ठोकून दिलं, की राजवाड्यातून पळालेली एक नर्तकी याच घरात दोन वर्षं लपून होती. झालं! रीघ लागली. समोरच्या शिंप्याला लगेच आठवलं, की त्याच्या आजोबांनी तिला गच्चीत पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या पणजीने म्हणे तिचा ताप उतरवला होता. बाई खरं सांगायला गेल्या की लोक समजूतदारपणे हसायचे. म्हातारी गुपित राखतेय, असं त्यांना वाटायचं. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आपल्यामागे या घरात ती मेली नर्तकीच उरणार, या विचाराने त्यांचा जीव तळमळायचा.

म्हणून तर त्यांनी बटणवाल्यांच्या नातीचा पत्ता शोधून तिला पत्र धाडलं. ती घर बघायला येतेय, कदाचित घेईलही, असं कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. अखेर घरचंच माणूस साक्षीला येणार होतं.

नात साठीची, गोड बोलणारी. दारातच भाच्याची जाहिरात पुढे करत म्हणाली, की आजी त्या नर्तकीबद्दल फार सांगायची.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. भाचा आ वासून बघत राहिला. मग त्याने हळूच मावशीला विचारलं, की म्हणजे खरंच होती का ती? मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला.

"आणि आजी स्वतः काय करायची?" बाईंनी नातीला विचारलं.

"आजी? काही नाही. घरीच असायची."

हे ऐकलं मात्र आणि बाईंचं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक जाईल, गप्प बस, अशा खुणा भाचा मागून करत होता. त्याला न जुमानता त्यांनी नातीचं मनगट धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेलं. खिडकीखाली जमिनीची एक फळी झिजून खोलगट झाली होती. सुताराशी भांडून बाईंनी तेवढी एक बदलू दिली नव्हती.

"नर्तकी या शहाण्याने रचली," त्या म्हणाल्या. "तुमची आजी खरी. बटणांचा परवाना तिच्या नावावर आहे. तेहतीस वर्षं ती इथे बसून शिंपले कापायचं यंत्र पायाने चालवत होती. टाच टेकून टेकून ही फळी झिजलीय. टेकवा पाय."

नातीने चप्पल काढली आणि टाच त्या खळग्यात ठेवली.

"म्हणून तिची बोटं तशी होती?" तिने विचारलं. "चिरलेली? वेणी घालताना माझे केस अडकायचे त्यांत."

बाई वळून भाच्यावर खेकसल्या, की बघत काय उभा राहिलास, यांना इथे बसायला खुर्ची आण.