कोंबड्याची तुळई

टालाकचं कपाळ माळ्यावरच्या आडव्या तुळईवर पुन्हा आपटलं. आस्गाउतने मान वर न करता पुढची खुंटी ठोकली.

"मास्तर, हिला कोंबड्याची तुळई म्हणतात," तो म्हणाला. "रात्री कोंबडे बसायचे हिच्यावर. त्यांना कधी लागल्याचं ऐकलं नाही."

आस्गाउत हे घर आपल्या लेकीसाठी, सुनिवासाठी बांधत होता. हिवाळ्याआधी तिचं टालाकशी लग्न व्हायचं होतं. टालाक या खोऱ्यात शाळेवर आला तेव्हापासून गावातल्या एकूण एक दाराशी त्याचं वाकडं होतं. इतका उंच माणूस इथे कुणी पाहिलाच नव्हता.

तुळई वीतभर वर घ्या, म्हणून सुनिवाने बापाला विनवलं. त्याने साफ नकार दिला. समोरासमोरचे वासे तीच धरून ठेवते. वर सरकवली तर बर्फाच्या भाराने वासे फाकतील आणि भिंतींना बाहेर ढकलतील. यात खोटं काहीच नव्हतं. पण बापाला जावई पसंत नाही, म्हणून तो त्याला स्वतःच्याच घरात मान खाली घालून फिरायला लावतोय, असं तिच्या मनाने घेतलं. टालाक म्हणाला, राहीन की वाकून, त्यात काय. तिला त्याचाच जास्त राग आला.

लग्नाचं कापड आणायला ती शहरात मावशीकडे गेली, ती आठवड्याने परतली. छपराचा सांगाडा उभा राहिला की आढ्याला हिरव्या डहाळ्यांची माळ बांधून सुतारांना जेवू घालतात, तो दिवस होता. अंगणात आंबट सायीची लापशी रटरटत होती. शेजारीपाजारी घराकडे बघून गालातल्या गालात हसत होते, पण तिला कुणी काही सांगेना.

माळ्याला शिडी लावलेली होती. वर चढल्यावर तिला कळलं. माळ्याची जमीन तशीच ठेवून, सगळे वासे उतरवून, भिंतींवर कोऱ्या ओंडक्यांचे आणखी दोन थर चढवून, छप्पर पुन्हा उभं केलं होतं.

"तुळई हलवलेली नाही मी," आस्गाउत म्हणाला. "वाशांवर होती तिथेच आहे."

सुनिवाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने बापाच्या भुसा भरलेल्या दाढीचा मुका घेतला.

तिच्यामागून टालाक वर आला आणि सवयीने कपाळावर हात धरून, वाकून चालू लागला.

आस्गाउतने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"ताठ चाला, जावईबापू. घर तुमचं आहे."

टालाकने डोळे घट्ट मिटले आणि हळूहळू सरळ झाला.